वाद्यांची विचारपूस: गोल पाठीच्या गिटारी

या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वाद्याबद्दल आली. ज्या अकूस्टिक गिटारीची पाठ सपाट लाकडाची नसून कढईसारखी गोल असते आणि जिला केबल लावून स्पीकरवर वाजवता येतं, ती ही गिटार. दुकानात तिला राउंडबॅक म्हणतात. बरेच जण नुसतं 'ओव्हेशन' म्हणतात, मग ती कुणाचीही असो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

साधी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची लाकडी अकूस्टिक गिटार, बरीच वर्षं वाजवतोय. आता कार्यक्रमांसाठी राउंडबॅक बघतोय. दुकानात केबल न लावता वाजवली तर आवाज अगदी आखडलेला वाटला. तरी स्टेजवर लोक हीच का घेतात? – एक वाचक, पुणे

तुमच्या कानाने दगा दिलेला नाही. आवाज आखडलेलाच असतो, आणि लोक ती स्टेजवर नेतात ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

साध्या गिटारीत वरची फळी, म्हणजे टॉप, थरथरते. तिच्यासोबत पाठ आणि बाजूही थोड्याफार हलतात. खर्जातला भरीवपणा, पोटाला जाणवणारा तो 'धम्म', त्यात पाठीचा वाटा असतो. राउंडबॅकमध्ये पाठ हलूच नये असं मुद्दाम ठरवलेलं आहे. अमेरिकेत कनेटिकटमध्ये हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी 1966 मध्ये ही गिटार 'ओव्हेशन' नावाने बाजारात आणली. पात्यांची कंपनं आणि काचतंतूंचे (फायबरग्लासचे) थर, दोन्ही त्यांच्या रोजच्या कामातले विषय. काचेचं कापड आणि राळ यांचे थर साच्यात दाबून त्यांनी एकसंध खोल वाटी केली आणि त्या साहित्याला 'लिराकॉर्ड' नाव दिलं. हिशोब सरळ होता: तारेतून आलेली ताकद पाठीने खाऊ नये, टॉपकडे परत पाठवावी. त्यामुळे आवाज पुढे फेकला जातो, मधला पट्टा ठळक येतो, पण खर्ज हात आखडता घेतो.

स्टेजवर तोच खर्ज नडतो. मॉनिटरचा, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज गिटारीच्या पोटात शिरून घुमतो आणि 'हूऽऽऽ' सुरू होतं, तोच फीडबॅक. साध्या मोठ्या गिटारीत हे बहुधा 90 ते 110 हर्ट्झच्या आसपास, आणि मग त्याच्या दुपटीला होतं. गोल वाटीला समोरासमोर समांतर भिंती नसतात आणि पाठही हलत नाही, त्यामुळे घुमायची एक वाट कमी होते. एकच वाट कमी होते, हे मात्र ध्यानात ठेवा. टॉप लाकडाचाच असतो, तो थरथरतोच. 'राउंडबॅकला फीडबॅक येत नाही' असं दुकानदार सांगत असेल तर त्याला मॉनिटरसमोर उभं करा.

राहिला लोक राउंडबॅकवर करतात तो 'प्लास्टिकी' आवाजाचा आरोप. केबल लावल्यावर जो कचकचीत, नाकातला आवाज येतो तो वाटीचा नसतो, सॅडलखालच्या पिझो पिकअपचा असतो. ब्रिज म्हणजे टॉपवरचा तारा बांधायचा ठोकळा, सॅडल म्हणजे त्यावर तारा टेकतात ती पट्टी, आणि पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग. पिझो हा दाब मोजणारा स्फटिक. तार छेडल्याच्या क्षणाचा झटका तो जसाच्या तसा पुढे पाठवतो. तसाच पिझो साध्या लाकडी गिटारीत घाला, असाच आवाज येईल. बदनामी ओव्हेशनच्या वाट्याला आली, कारण 1970 च्या आसपास ग्लेन कॅम्पबेल यांच्यासारख्या टीव्हीवरच्या गायकांच्या हातात ती होती आणि सॅडलखालच्या पिकअपचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो तिच्यातून. उपाय मिक्सरवर आहे: 1.5 ते 3 किलोहर्ट्झच्या दरम्यान 3 ते 4 डेसिबल रुंद काप घ्या आणि कॉर्ड प्लेक्ट्रमने मारताना हात ब्रिजपासून दोन बोटं पुढे न्या.

तेव्हा बहुतेक वेळ केबलवर वाजणार असेल तर घ्या. घरी बसून, मित्रांत, माइकशिवाय वाजवायला असेल तर तुमची ड्रेडनॉटच बरी.

भजनाच्या बैठकीत मांडी घालून वाजवतो. राउंडबॅक मांडीवरून सारखी घसरते, तोंड वर करून बसते. यावर काही उपाय? – एक वाचक, सांगली

गोल वस्तू गोल मांडीवर ठेवली की हे होणारच. तिचं तोंड आकाशाकडे वळतं, मग पडदे (फ्रेट) दिसावेत म्हणून आपण मान खाली घालतो आणि डाव्या हाताने गिटारीची मान पकडून ती तोलतो. मनगट दुखतं ते तिथून.

पट्टा फक्त उभं राहून वाजवण्यासाठी असतो हा समज सोडा. बसूनही पट्टा गळ्यात घाला आणि इतका आखूड करा की दोन्ही हात सोडले तरी गिटार जागची हलणार नाही. हीलजवळ, म्हणजे मान अंगाला जोडते त्या बुंध्याजवळ, पट्ट्याची खुंटी नसेल तर पट्ट्याचं टोक नाडीने डोक्याकडे, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) पलीकडे, तारांच्या खालून बांधा. नवी खुंटी बसवायचीच असेल तर कारागिराकडून हीलच्या बाजूला बसवून घ्या. मध्यावर भोक पाडू नका, तिथे आत मानेचा बोल्ट असू शकतो. वाटीत तर स्क्रू कधीच घालू नका.

दुसरा स्वस्त उपाय: स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी चटई. तिचा वीतभर तुकडा मांडीवर ठेवा. वाजवून झालं की काढून घ्या, गिटारीला चिकटलेला केसमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात रबर पॉलिशला धरतं. आणि मांडीखाली नव्हे, बुडाखाली चार बोटं उंचीचं आसन घ्या, म्हणजे उजवी मांडी पुढे उतरती होते आणि वाटीला टेकायला जागा मिळते.

अजून घेतली नसेल तर उथळ वाटीची बघा. खोल, मध्यम, उथळ अशा वाट्या मिळतात. खोल वाटी जवळपास 15 सेंटिमीटर असते, बैठकीला ती त्रासाचीच. उथळीत केबल न लावता येणारा आवाज आणखी कमी होतो, पण तुमच्याकडे माइक असतोच.

चर्चच्या गायनवृंदात जुनी राउंडबॅक आहे. तिच्यावर बटणं नाहीत, बॅटरी नाही, फक्त जॅक आहे. मिक्सरला लावली की डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरवर मात्र बरी वाजते. पिकअप बदलावा का? – एक वाचक, वसई

बदलू नका, पिकअप धडधाकट आहे. ॲम्पवर बरी वाजते, हीच त्याची साक्ष.

तुमच्या गिटारीत प्रीॲम्प, म्हणजे पिकअपचा बारीक सिग्नल सावरून पुढे पाठवणारं छोटं सर्किट, नाही. नुसता पिझो हा विद्युत दृष्ट्या एक बारीक कपॅसिटर असतो, साधारण 500 ते 1000 पिकोफॅरडचा. त्याच्या पुढ्यात जितका कमी रोध (इम्पीडन्स), तितका खर्जाकडचा आवाज कापला जातो. 1000 पिकोफॅरड धरून हिशोब करू. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध 10 किलोओम असेल तर सुमारे 16 किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरंडीला लागतं. म्हणजे जवळजवळ अख्खी गिटार! साध्या पॅसिव्ह डीआय बॉक्सचा (गिटार मिक्सरला जोडायच्या मधल्या डबीचा) रोध 140 किलोओमच्या आसपास असतो, तिथे ही सीमा 1100 हर्ट्झच्या पुढेमागे येते. अजून पातळच. गिटार ॲम्पचा रोध 1 मेगाओम, म्हणून सीमा 160 हर्ट्झवर उतरते आणि आवाज 'बरा' होतो. सर्वांत खालची तार 82 हर्ट्झची असते, तीही भरीव यायला हवी असेल तर 5 ते 10 मेगाओम रोधाचा प्रीॲम्प लागतो.

म्हणून अकूस्टिक गिटारीचा छोटा प्रीॲम्प किंवा ॲक्टिव्ह डीआय घ्या, आणि घेताना खोक्यावर 'इनपुट इम्पीडन्स'चा आकडा वाचा. 1 मेगाओमपेक्षा कमी असेल तर परत ठेवा. गिटार ते प्रीॲम्प केबल 3 मीटरच्या आत असू द्या. पिझोला लांब केबल मानवत नाही, आवाज बसतो. प्रीॲम्प ते मिक्सर मग कितीही लांब जा. मिक्सरवर बेसचं बटण पूर्ण फिरवून हा दोष भरून काढायचा प्रयत्न कुणीतरी करतंच. त्याने फक्त घरघर वाढते.

पावसाळ्यात तारा उंच होतात, बोटं दुखतात. कारागीर म्हणतो सॅडल घासू. घासू द्यावं का? – एक वाचक, रत्नागिरी
ऐन मे महिन्यात टॉपला ब्रिजपासून खाली सरळ चीर गेली. वाटी तर मजबूत आहे, मग टॉप का फाटला? – एक वाचक, नागपूर

दोन पत्रं, पण दुखणं एकच, म्हणून उत्तर एकत्र.

वाटी पाणी पीत नाही, टॉप पितो. स्प्रूसची फळी दमट हवेत आडवी फुगते, कोरड्या हवेत आकसते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि तिथेच टिकली, तर 40 सेंटिमीटर रुंद मोकळी फळी दोन मिलिमीटरच्या वर आकसू शकते. लाकडी पाठीची गिटार अशा वेळी थोडी सोबत हलते. राउंडबॅकमध्ये टॉपच्या कडा अशा वाटीला चिकटवलेल्या असतात जी केसभरही सरकणार नाही. सगळा ताण फळीवर येतो आणि ती रेषेने उकलते. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवायच्या बंद खोलीत नेमकं हेच होतं. 'फायबरची आहे, हिला हवामानाचं काय' या समजुतीने या गिटारी जितक्या फाटल्या तितक्या पडून फाटल्या नसतील. टॉपही लाकडाऐवजी कार्बनचा केला की प्रश्न मिटतो. ओव्हेशनची 1976 ची अदामास नेमकी तशी होती, बर्चच्या पातळ पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना कार्बन तंतू. किंमतही तशीच.

नागपूरकरांनी चीर लगेच भरू नये. लाकडाची पूड आणि क्विकफिक्स घालून लांबी भरतात, दिसायला छान दिसतं. जुलैत फळी फुगते, तिला मागे यायला जागा उरलेली नसते, आणि भरलेल्या चिरेच्या शेजारी दुसरी पडते. आधी गिटार केसमध्ये ठेवून ओलावा परत द्या. साबणाच्या प्लास्टिक डबीला चारी बाजूंनी भोकं पाडा, आत स्पंज भिजवून घट्ट पिळून ठेवा, एक डबी डोक्याकडे, एक कमरेकडे, आणि सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा 45 ते 55 च्या मध्ये ठेवा. आठ-पंधरा दिवसांत चीर नखाला लागेनाशी झाली की मग कारागिराकडे न्या. तो चिरेत पातळ सरस सोडेल आणि आतून स्प्रूसच्या दोन-तीन चकत्या आडव्या लावेल. वाटी खोल, भोक लहान, त्यामुळे हात, आरसा आणि चकती दाबून धरायला लोहचुंबक लागतात. कामाला वेळ लागतो, घाई करू नका. फर्निचरचा पांढरा डिंक ब्रिजखाली किंवा सांध्यात वापरू देऊ नका. गरमीत, तारांच्या सततच्या ओढीखाली तो हळूहळू सरकतो.

रत्नागिरीकरांनी सॅडल घासू देऊ नये. तुमच्याकडे टॉप फुगून वर येतो, त्यासोबत ब्रिज वर येतो आणि तारा उंच होतात. ऑक्टोबर सरल्यावर तो पुन्हा बसतो, तेव्हा घासलेलं सॅडल बुटकं ठरतं आणि तारा पडद्यांवर खरखरतात. शिवाय ओव्हेशनच्या अनेक मॉडेलांत सॅडल आणि पिकअप एकच नग असतो. खालून घासला तर पिकअप गेला.

करायचं ते असं. तारा सैल करून बाजूला घ्या. सॅडल सरळ वर उचला, वाकडं नको, कारण खालच्या भोकातून पिकअपची तार आत गेलेली असते. हिसका दिला की ती तुटते. खाचेच्या तळाशी पातळ पट्ट्या असतात, कारखान्यातूनच घातलेल्या. त्यांतली एक काढा, सॅडल परत बसवा, तारा चढवा, मोजा. सॅडल 1 मिलिमीटर खाली आलं की बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटर खाली येते. बाराव्या पडद्यावर जाड तारेला 2.4 आणि बारीक तारेला 1.8 मिलिमीटर उंची असली की बोटांना सुख असतं. काढलेली पट्टी चिकटपट्टीने केसच्या खणात लावून ठेवा, दिवाळीनंतर ती परत घालायची आहे. तिच्या जागी पोस्टकार्डाचा तुकडा घालू नका. कागद दबतो आणि पिकअपचा आवाज मऊ, मेलेला करतो.

पावसाळाभर केसमध्ये पाव किलो सिलिका जेल ठेवा. रंग बदलणारे मणी घ्या, रंग पालटला की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतात. निळ्यापेक्षा नारिंगी मणी घ्या. निळ्यांत कोबाल्ट असतं आणि हे काम घरच्या तव्यावर होणार आहे.

एकच तार (बी) स्पीकरवर कमी ऐकू येते. केबल न लावता ठीक वाजते. – एक वाचक, पणजी

सॅडल त्या जागी पिकअपवर नीट टेकलेलं नाही. तारा बदलताना सॅडल उचललं गेलं असेल आणि खाली कचरा गेला असेल. खाच कोरड्या ब्रशने साफ करा. सॅडल सुटं असेल, म्हणजे खाली पिकअपची पट्टी वेगळी असेल, तर काचेवर 400 नंबरचा पॉलिशपेपर ठेवून सॅडलचा तळ दोन-चार वेळा सरळ ओढा. एखादी जागा घासली जात नाही असं दिसलं तर तीच बी तारेखालची असणार. तळ सपाट झाला की थांबा. सॅडल खाचेत बोटाने सरकावं, ठोकून बसवावं लागू नये. पिकअप सॅडलमध्येच असेल तर पॉलिशपेपर बाजूला ठेवा आणि आधी पट्ट्या सरळ बसल्यात का तेवढं बघा.

आणि तारा बदलताना एक सांभाळा. यांत बहुधा ब्रिजला खुंट्या नसतात, तार मागच्या भोकातून पुढे ओवायची असते. तारेचं पितळी टोक ओढताना टॉपवर ओरखडे काढतं. ब्रिजमागे जुना पुठ्ठा ठेवा.

जुनी राउंडबॅक विकत घ्यायची आहे. काय तपासू? – एक वाचक, ठाणे

सर्वांत आधी सॅडलखालच्या पट्ट्या. एकही उरली नसेल आणि तरी तारा उंच असतील तर मानेचा कोन गेलेला आहे. खात्रीसाठी लांब पट्टी पडद्यांवर ठेवून ब्रिजकडे सरकवा: ती ब्रिजच्या माथ्यावर टेकली पाहिजे, ब्रिजच्या पोटाला धडकली तर सौदा सोडा. या गिटारींची मान सोडवून परत बसवणं हे महागडं काम आहे आणि ते करणारे हात आपल्याकडे मोजके.

ब्रिजखाली सगळीकडून कागद सरकवून बघा. जिथे शिरतो तिथे ब्रिज सुटलाय. टॉपची कड वाटीला जिथे मिळते तिथे नखाने फिरा. वाटीला तडा असेल तर आत टॉर्च मारा. आतून कापडाची वीण किंवा तंतू दिसले तर ती काचतंतूंची, आतून कापड आणि इपॉक्सी लावून छान दुरुस्त होते. आतून बादलीसारखी गुळगुळीत असेल तर साधं प्लास्टिक, त्यावर इपॉक्सी धरत नाही, सुटून येते.

लेबल वाचा. कनेटिकटमधल्या न्यू हार्टफर्डच्या कारखान्यातल्या गिटारी वेगळ्या आणि 'सेलिब्रिटी', 'अप्लॉज' ही बहुतांशी आशियात बनवून घेतलेली स्वस्त घराणी वेगळी. न्यू हार्टफर्डचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला, तेव्हा जुन्या प्रीॲम्पचे सुटे भाग मिळतील असं धरून चालू नका. सगळी बटणं स्पीकरवर फिरवून ऐका. अगदी सुरुवातीच्या अप्लॉजपासून दोन हात लांब राहा. त्यांच्यात पडदे आणि फिंगरबोर्ड मिळून ॲल्युमिनियमचा एकच ओतीव नग आहे. पडदे झिजले की झिजले, बदलता येत नाहीत.

तंबोऱ्याचा भोपळा आणि ही वाटी, तत्त्व एकच ना? – एक वाचक, मिरज

आकार एक, तत्त्व नाही. मिरजेच्या कारागिराला भोपळा निवडताना पाहिलं असेल: टिचकी मारून बघतो, जाडी बघतो, कारण भोपळा स्वतः बोलतो. तबली (वरची फळी) आणि भोपळा मिळून नाद धरतात. राउंडबॅकच्या वाटीवर टिचकी मारा, 'टक्' होऊन संपेल, आणि तसंच व्हायला हवं होतं. तुमचा तंबोरा या हिशोबाने लाकडी पाठीच्या गिटारीच्या जास्त जवळचा.

नवी बॅटरी दर पंधरवड्याला संपते. – एक वाचक, नाशिक

केबल गिटारीलाच खोचून ठेवत असाल. जॅकमध्ये पिन गेली की प्रीॲम्प चालू होतो, वेगळं बटण नसतं. वाजवून झालं की गिटारीकडचं टोक काढा. उलट, बॅटरी नवी असून आवाजच येत नसेल तर केबलची पिन बघा: तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर ती स्टिरिओ केबल आहे, तिने प्रीॲम्प चालूच होत नाही. एक रेघ असलेली साधी मोनो केबल लावा.